गायन सुरू होतं आणि तोंडून शब्द फुटत नाही तेव्हा

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे यजमान अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात कामाला होते. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, काम सुटलं आणि आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे. मुलगा डिप्लोमाला आहे, घर तुमच्या शिवणकामावर चालतं. मंडळीतली माणसं भेटली की म्हणतात, ‘ताई, आनंद करा, वचन काय सांगतं?’ आणि रविवारी गायन सुरू झालं की तुमच्या तोंडून शब्दच फुटत नाही. तुम्ही विचारलंत, याकोब म्हणतो परीक्षा आल्या तर आनंद माना, मला तो होत नाही, मग माझा विश्वास कमी पडतोय का? आणि संकटातही टिकणारा आनंद म्हणतात तो मिळतो कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नाही. दुसऱ्याला वेळ लागेल.

पाळक म्हणून सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत मी बरीच वर्षं काम केलं आहे. दवाखान्यातल्या कॉटशेजारी बसलो आहे, दफनविधी आटोपून आलेल्या घरात बसलो आहे, बँकेची नोटीस हातात घेऊन बसलेल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो आहे. तिथे जे पाहिलं आणि शास्त्रात जे वाचतो त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की ख्रिस्ती माणसाचं मन सदा प्रसन्न राहतं म्हणून त्याचा आनंद टिकतो असं नाही. तो ज्याच्यावर उभा आहे तो मेलेल्यांतून उठला आहे आणि पुन्हा मरणार नाही, म्हणून तो टिकतो. हे मनात पक्कं बसलं की दुःख लपवायची गरज राहत नाही. आपलं दुःख देवापुढे शेवटच्या थेंबापर्यंत ओतणाऱ्या माणसांतच मी हा आनंद मुरलेला पाहिला आहे. दुःखाला वळसा घालून गेलेल्यांचा आनंद पुढच्या संकटापर्यंतही टिकत नाही.

याकोबाच्या पत्रापासूनच सुरुवात करू, कारण तेच वचन तुम्हाला टोचतंय. पहिल्या अध्यायाचं दुसरं वचन लोक तोंडपाठ म्हणतात आणि तिथेच थांबतात. पुढे वाचा. परीक्षा गोड असते असं याकोब कुठेही म्हणत नाही. विश्वासाची पारख झाली की धीर उत्पन्न होतो आणि त्या धीराचं काम पुरं होऊ द्यायचं असतं, असं तो म्हणतो. आणि लगेच पाचव्या वचनात सांगतो की तुमच्यापैकी कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. दोष न लावता! आनंद मानण्याची इतकी अवघड आज्ञा दिल्यावर त्याला ठाऊक आहे की वाचणारा म्हणणार, ‘मला हे जमत नाही.’ म्हणून तो आधीच सांगून ठेवतो की असं म्हणत देवाकडे गेलेल्या माणसाला देव खडसावत नाही. माणसं खडसावतात.

ज्यांना हे पत्र गेलं ते काही सुखवस्तू लोक नव्हते. श्रीमंत त्यांना न्यायालयात ओढून नेत होते, हे दुसऱ्या अध्यायात आहे. शेतात राबणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, हे पाचव्या अध्यायात आहे. आणि त्याच पाचव्या अध्यायातलं तेरावं वचन तुम्ही आज घरी गेल्यावर उघडून बघाच. तुमच्यापैकी कोणी दुःख भोगत आहे काय? त्याने प्रार्थना करावी. कोणी आनंदित आहे काय? त्याने स्तोत्रं गावी. म्हणजे ‘आनंद माना’ म्हणणाराच याकोब दुःखात असलेल्या माणसाला गायला लावत नाही, प्रार्थना करायला लावतो. रविवारी तुमच्या तोंडून गाणं निघत नाही आणि मनात नुसतं ‘प्रभू, प्रभू’ चालू असतं, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही नेमकं याकोबाने सांगितलेलंच करताय, ताई.

आता पौलाकडे येऊ. फिलिप्पैकरांस पत्र हे आनंदाचं पत्र म्हणून ओळखलं जातं आणि ते खरंच तसं आहे. चारच अध्याय, आणि आनंद पुन्हा पुन्हा येतो. लिहिणारा बंदिवासात होता, हेही आपण प्रवचनात आवर्जून सांगतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. तो तिथे इतका आजारी पडला की मरणाला टेकला. पुढे बरा झाला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाही तर मला दुःखावर दुःख झालं असतं. ज्या पत्रात तो ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असं लिहितो, त्याच पत्रात हेही लिहितो. तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत लिहितोय असं स्वतःच सांगतो. पौलाच्या काळजात दोन्ही एकाच वेळी होतं. करिंथकरांना त्याने हे उघडच लिहून टाकलं की आम्ही दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे आहोत.

आणि चौथ्या अध्यायात तो म्हणतो की ज्या स्थितीत आहे तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे. पौलालासुद्धा शिकावं लागलं. दमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला त्या दिवशी हे समाधान त्याच्या पदरात पडलं नव्हतं. मध्ये बरीच वर्षं गेली, गलबतं फुटली, दगड बसले.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला गात होते, हा दाखला प्रत्येक साक्षीच्या सभेत दिला जातो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. नीट वाचलं तर दोन गोष्टी दिसतात. छड्या बसत असताना ते गात होते, असं लूक लिहीत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करत आणि गात होते, असं तो लिहितो. संध्याकाळी ते कसे कण्हत होते, एकमेकांशी काय बोलले, हे आपल्याला सांगितलेलं नाही. दुसरं म्हणजे ते दोघं होते. खोड्यात पाय अडकलेले, पाठी सोललेल्या, पण शेजारी दुसरा माणूस होता. एकट्याने आनंद टिकवून दाखवायची स्पर्धा नवा करार कुठेच लावत नाही.

शोकाबद्दल मी इतकं का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हाच भाग कमी शिकवला जातो. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. तेरावं स्तोत्र तर ‘परमेश्वरा, कुठवर?’ असंच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. उत्तम शुक्रवारी आपण बारा ते तीन चर्चमध्ये बसून वधस्तंभावरचे प्रभूचे सात उद्गार ऐकतो. चौथा उद्गार कोणता? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. वधस्तंभावर प्रभूने स्वतःचं दुःख गाऱ्हाण्याच्या स्तोत्रातून मांडलं. आणि इब्रीकरांचं पत्र सांगतं की त्याच्यापुढे जो आनंद ठेवला होता त्याकरता त्याने तो वधस्तंभ सहन केला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच देहात.

आमच्या मंडळीतल्या एका आजींबद्दल सांगतो. त्या निवृत्त परिचारिका होत्या आणि शेवटची काही वर्षं डायलिसिसवर होत्या, म्हणून मुद्दाम. मे महिना होता, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. तुम्हाला माहीतच आहे, या रुग्णांना पाणी मोजून प्यावं लागतं. आजींकडे अर्ध्या लिटरची एक बाटली असायची आणि तिच्यावर त्यांनी मार्करने रेघा मारल्या होत्या. ही दुपारपर्यंत, ही संध्याकाळपर्यंत. मी गेलो तेव्हा मशीन चालू होतं. सुया टोचलेला हात उशीवर सरळ ठेवलेला, ओठ सुकून भेगा पडलेले. मी काही वाचायला बायबल उघडलं तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, पाचवा उद्गार सांगा.’ मी सांगितला, ‘मला तहान लागली आहे.’ त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं ऐकला. आता कळला. त्यालाही लागली होती.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात चीडही होती, ती त्यांनी लपवली नाही. मग थोड्या वेळाने शेजारच्या बेडवरच्या पोराकडे मान करून हळूच म्हणाल्या, ‘त्याच्याबरोबर कोणी आलेलं नाही आज. त्याने सकाळपासून काही खाल्लं का, ते विचारा आधी.’

टिकणारा आनंद कसा दिसतो असं कोणी विचारलं की मला ती दुपार आठवते. आजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तहान गेली नव्हती. पण त्या तहानेत आपण एकट्या नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यामुळे शेजारच्या बेडकडे बघायला त्यांच्या मनात जागा झाली होती.

तुम्ही विचाराल, मग या आनंदात आहे तरी काय? ते नेमकं सांगितलं पाहिजे, नाही तर सगळं हवेत राहतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सत्तर शिष्य मोठ्या आनंदाने परत येतात, भुतंसुद्धा आम्हांला वश होतात म्हणतात. त्यांचं काम यशस्वी झालं होतं. येशू त्यांना म्हणतो, याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. यशाच्या दिवशी त्याने हे सांगितलं, कारण त्याला अपयशाचे दिवस दिसत होते. कारखान्याच्या हजेरीपटावरून तुमच्या यजमानांचं नाव निघालं. ज्या यादीबद्दल प्रभू बोलतो तिथून ते निघालेलं नाही आणि रक्त तपासणीतलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची अवस्था सांगणारा तो आकडा, कितीही वाढला तरी निघणार नाही. हा आनंदाचा पहिला आधार.

दुसरा योहानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. पकडला जाण्याच्या रात्री येशू शिष्यांना म्हणतो, तुम्हाला आता दुःख आहे, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन, तुमचं अंतःकरण आनंदित होईल आणि तुमचा आनंद कोणी तुमच्यापासून काढून घेणार नाही. हे तो कोणाला म्हणतोय ते बघा. काही तासांतच ते सगळे पळून जाणार होते. पेत्र तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणार होता. त्यांच्या हातात आनंद घट्ट धरून ठेवायची ताकद नव्हती, आणि येशूला ते ठाऊक होतं. तरी वचन दिलं, कारण ‘मी तुम्हाला पुन्हा भेटेन’ हे त्याच्याकडून घडणार होतं. तिसऱ्या दिवशी तो बंद दारांआड त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. दार त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं.

म्हणून रोज संध्याकाळी ‘आज मला आनंद वाटला का?’ असं स्वतःला तपासायचं सोडून द्या. मनाची नाडी सारखी चाचपत बसल्याने विश्वास वाढत नाही.

करायचं काय, ते आता सांगतो. यातलं पहिलं मी सांगोल्याकडच्या एका घरसभेत शिकलो. त्या भागात डाळिंबाची शेती आहे. एका वर्षी तेल्या रोगाने बागाच्या बागा गेल्या. आम्ही हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचत होतो. अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मी सगळ्यांना कागद दिले आणि म्हटलं, संदेष्ट्याने स्वतःच्या गावचं नुकसान लिहिलं, तुम्ही तुमचं लिहा. एका भावांनी लिहिलं: जरी डाळिंबाला तेल्या लागला, जरी बोअर आटली, जरी सोसायटीचं कर्ज थकलं, जरी पोरीचं लग्न मोडलं. मग ‘तरी’ असा एक शब्द लिहिला आणि पुढची ओळ कोरी ठेवली. त्यांनी मला विचारलं, ‘चालेल का?’ मी म्हटलं, चालेल. तो कागद कित्येक आठवडे त्यांच्या बायबलमध्ये तसाच होता. पुढे कधीतरी त्यांनी ती ओळ भरली. काय भरलं ते त्यांचं आणि प्रभूचं.

तुम्हीही लिहा. ‘जरी’च्या ओळी आखडू नका. यजमानांचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर ऑपरेशन करून जोडलेली शीर), मशीनचा खर्च, मुलाची फी, सासरच्यांचे टोमणे, रात्री तीनला येणारी जाग, सगळं लिहा. जी गोष्ट नाव घेऊन देवापुढे ठेवली नाही तिच्यावर आनंद उभा राहत नाही. ‘तरी’ची ओळ ज्या दिवशी येईल त्या दिवशी भरा.

पाठांतराबद्दल मी जरा आग्रही आहे. आपल्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बादली न बादली, पिंप न पिंप भरून ठेवतो, कारण उद्या नळ कोरडा असणार हे ठाऊक असतं. वचनाचं तसंच करा. ज्या दिवशी मन जरा बरं असेल त्या दिवशी एखादं छोटं स्तोत्र तोंडपाठ करा. तेविसावं, एकशे एकविसावं, किंवा बेचाळिसावं, ज्यात स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू का खिन्न झालास. दवाखान्याच्या बाकावर बायबल उघडून वाचायचं बळ नसतं. पाठ असलेली ओळ मात्र आपोआप ओठांवर येते. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली ती ओळ, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, ही यरुशलेमची राख झाल्यावर लिहिलेली आहे. एका दिवसापुरती घ्या. डायलिसिसच्या घरात पुढच्या वर्षाचा विचार करून कोणाचंच भलं होत नाही.

मदत घेण्याबद्दल बोलतो, आणि हे तुम्हाला जड जाईल असं वाटतं. तुम्ही लिहिलंत की मंडळीत अडचण सांगायला लाज वाटते, चार लोकांत कसं सांगायचं. फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, तुमची माझ्याविषयीची काळजी पुन्हा जागी झाली म्हणून मला प्रभूमध्ये फार आनंद झाला. त्याचा तो आनंद मदत पोचल्यावर झालेला आनंद होता! नहेम्याच्या आठव्या अध्यायातही तसंच. परमेश्वराविषयीचा आनंद हाच तुमचा आश्रयदुर्ग, हे वचन आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो. त्या वेळी लोक नियमशास्त्र ऐकून रडत होते. त्यांना सांगितलं गेलं की जा, मिष्टान्न खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. परमेश्वरातला आनंद त्या दिवशी डब्यांतून घरोघर पोचला. आज वाटा घेणाऱ्या तुम्ही आहात. घ्या. देणाऱ्यालाही त्यातून आनंद मिळतो, तो तुम्ही अडवू नका.

पैशाच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, सिव्हिलमध्ये त्याचीही चौकशी करा. पाळकाने हे कशाला सांगायचं, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. दर आठवड्याला उसनवारी करावी लागत असेल तर त्या बाईला आनंदावर प्रवचन देण्याआधी फॉर्म भरून द्यावा.

आणि एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. उपचार बंद करा, विश्वासाने कबूल करा, डायलिसिस चालू ठेवणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारा कोणी उपदेशक किंवा सभा तुमच्या वाटेत आली तर ऐकू नका. डायलिसिस चुकवलं तर शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. देव बरं करतो, मी त्यासाठी रोज प्रार्थना करतो. बरं करण्यासाठी त्याला सुई काढून टाकावी लागत नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

तुमच्या स्वतःच्या प्रकृतीचंही बघा. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. मग चाळीस दिवसांची वाट, आणि मग बोलणं. तुम्ही नीट झोपता का, जेवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा दिवसांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते डॉक्टरला सांगा. सरकारची टेलि-मानस ही फोन सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नैराश्याच्या गोळ्या घेण्यात विश्वासाची हार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेताना आपण तसं म्हणत नाही.

किती दिवस लागतील, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. ते मला सांगता येणार नाही, पण पंडिता रमाबाईंचं बघा. त्यांचं केडगाव आपल्याच सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर आहे. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आईवडील गमावले, मग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. ज्या बाईने पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, तिलाही आठ वर्षं लागली. आणि १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. ते त्यांनी थांबवलं नाही, पुरं केलं आणि १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत त्यांनी कितीदा डोळे पुसले असतील, हे आपण समजू शकतो. त्या डोळ्यांनीच त्यांनी भाषांतराची पानं तपासली असणार.

मंडळीतल्या ज्या बहिणी तुम्हाला ‘आनंद करा’ म्हणतात त्यांच्यावर राग धरू नका. बहुतेकींना काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून वचन पुढे करतात. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं. बोलू लागले तेव्हा बिघडलं. हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेलं आहे. आजाऱ्याच्या घरी गेलात तर आधी बसा, चहा त्यांनाच करायला लावू नका, आणि निघताना पाच मिनिटं प्रार्थना करा. वचन सांगायचंच असेल तर जे तुम्हाला स्वतःला अंधारात उपयोगी पडलं तेच सांगा.

ताई, येत्या रविवारी उपासनेला या. गाऊ नका, बसा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडलं. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं तिथे आहे. बाजेवरच्या माणसाने काय केलं? तो पडून होता. आजूबाजूची मंडळी गात असेल तेव्हा ते तुमच्या वाटचंही गात आहेत असं समजा. तुम्ही बऱ्या दिवसांत कितीतरी जणांच्या वाटचं गायल्या आहात.

आणि उपासना सुटल्यावर तुमच्या पाळकांना गाठून याकोबाच्या पाचव्या अध्यायातलं चौदावं वचन दाखवा. तिथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या पुढाऱ्यांना, बोलावून घ्यावं असं लिहिलं आहे. म्हणजे बोलावण्याचा हक्क तुमचा आहे. त्यांना घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या, योजनेची कागदपत्रं त्यांच्यापुढे ठेवा, मुलाच्या फीचंही सांगा. डायलिसिसच्या दिवशी ते चार तास यजमानांजवळ बसायला मंडळीतल्या कोणाची तरी पाळी लावता येते का, तेही विचारा, म्हणजे तेवढा वेळ तुम्हाला झोप मिळेल. यजमानांना आधी विचारून ठेवा, कोणतं स्तोत्र वाचलेलं त्यांना आवडेल. बसायला येणाऱ्याला ते सांगता येईल.